पावणेतीनचं पाणी

"आज दार उघडू नका," थोरली म्हणाली.

आमचे हे दारावर उभे होते. दार म्हणजे घराचं नव्हे, बांधातलं. खाडी आणि मिठागर यांच्यामध्ये मातीचा उंच बांध, आणि बांधाच्या मधोमध दोन दगडी खांबांच्या खाचांत बसवलेल्या चार जाड फळ्या. फळ्या वर ओढल्या की खाडीचं पाणी आतल्या तळ्यात, कोंडीत, यायचं, खाली टाकल्या की बंद. कोंडीतलं पाणी मग वाफ्यावाफ्यांतून फिरायचं, उन्हाने आटायचं, आणि शेवटच्या वाफ्यात त्याचं मीठ व्हायचं. अकरा घरं त्या एका दारावर जगत होती.

"उघडू नका म्हणजे?" यांनी फळ्या ओढायचा लोखंडी आकडा खाली ठेवला. "वहिनी, कोंडीत टाचभर पाणी राहिलंय. खालचे वाफे तडकायला लागलेत. आजचं पाणी गेलं तर पुढचं मोठं पाणी पंधरा दिवसांनी. तोवर काय वाफ्यांत थुंकायचं?"

"आज नको."

"का पण?"

ती खांबाकडे बघत होती.

सकाळचे साडेआठ झाले असतील. पूर्ण ओहोटी होती. पौर्णिमा होऊन दोन दिवस उलटले होते, पौर्णिमा धरून हा तिसरा दिवस. आणि थोरला जाऊन तेरा दिवस झाले होते.

थोरला, म्हणजे माझा दीर, थोरलीचा नवरा, त्या दाराचा राखणदार होता. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्याही आधी आजा. पाणी कधी येणार, किती येणार, कधी फिरणार, हे अकरा घरांतल्या कोणीही कधी स्वतः बघितलं नव्हतं. थोरला बांधावरून ओरडायचा, बाकीचे हातातलं काम टाकून यायचे. त्याला विचारलं की झालं. गावात एकच विहीर असली की दुसरी कोण खणतो?

तो गेला तोही गाजावाजा न करता. तिकडे रोज दुपारी वारा फिरतो. सकाळी जमीन तापते, जमिनीवरची हवा तापून वर जाते, आणि तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा आत येते. अकराच्या सुमाराला झुळूक आली की मिठागरातली माणसं पाठ सरळ करतात. त्या दिवशी ती आलीच नाही. बारा वाजले, एक वाजला, पान हललं नाही. खाली पांढरं मीठ, वर पांढरं आभाळ, दोन्हीकडून ऊन. थोरला मीठ ओढत होता. रास पुरी केली, फावड्याला टेकून खाली बसला. थोरली पाणी घेऊन गेली तेव्हा बसलेलाच होता. तिने हाक मारली, खांद्याला हात लावला, मग त्याच्या शेजारी बसली. आम्हाला निरोप पोहोचला तोवर ती तशीच बसून होती म्हणतात, पाण्याचा तांब्या हातात धरून.

आम्ही तेव्हा बंदरात राहत होतो. आमचे हे नऊ वर्षं बोटींवर माल चढवायचं काम करत होते. भाऊ गेला, दार मोकळं पडलं, म्हणून आम्ही दोन ट्रंका घेऊन परत आलो. मला मिठातलं काही कळत नव्हतं. घरात शिरले तर कोणी रडत नव्हतं. सासूबाई दारात बसून होत्या, थोरली भांडी घासत होती. तेरा दिवस त्या घरात चूल पेटली, भाकरी झाली, कालवण झालं, ताटं वाढली गेली, धुतली गेली. एक दिवस शेजारची बाई जेवायला बसली आणि म्हणाली, "अगं, कालवणात मीठच नाही." मिठागरवाल्याच्या घरात! किती दिवस नव्हतं कोणास ठाऊक. आम्ही सगळे तेच जेवत होतो.

तर त्या सकाळी बांधावर हळूहळू माणसं जमली. मुकादम आले. मिठागराच्या कामाची वाटणी ते करायचे. मोठं पोट, बारीक आवाज. आणि तारमावशी आली. तिला तारमावशी म्हणायचे कारण पोस्टात तार पोहोचायच्या आत तिच्याकडे बातमी असायची.

"काय झालं? उघडलं नाही अजून?" मुकादमांनी विचारलं.

"वहिनी नको म्हणतायत," हे म्हणाले.

"का गं थोरले?"

थोरलीने खांबाकडे बोट केलं. खांबावर सात खुणा कोरलेल्या होत्या. पहिली वर, बांधाच्या माथ्याशी, सातवी पार तळाला. "मोठ्या पाण्याची ओहोटी पण मोठी असते. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली जातं. आज सातवी खूण उघडी पडायला पाहिजे होती."

आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. पाणी पाचव्या खुणेला होतं.

"मग बरंच आहे की," मुकादम म्हणाले. "पाणी आयतं वर आहे. भरायला सोपं."

"ओहोटीत खाली गेलं नाही ते भरतीत किती वर जाईल?"

तारमावशी म्हणाली, "वादळाचं म्हणतेस होय? अगं, ते मी काल रात्री रेडिओवर ऐकलंय. लांब आहे. भर समुद्रात. आपल्याकडे येत नाही म्हणून सांगितलंय, दोनदा सांगितलंय."

"वादळ येत नाही," थोरली म्हणाली. "पाणी येतं."

"ऐका! वादळ तिकडे आणि पाणी इकडे? म्हणजे शिंकायचं मी आणि नाक पुसायचं तू?"

दोघंचौघं हसले. थोरली हसली नाही, रागावलीही नाही. धडा म्हणून दाखवावा तशी एका सुरात म्हणाली, "हवेला वजन असतं. ती समुद्रावर बसलेली असते. वादळ होतं तिथली हवा हलकी होते, पाणी मान वर काढतं. मग वारा ते पाणी ढकलत आणतो. वादळ मागे राहतं. ते सांगायचे." आणि वर बघून, "सूर्याला पण खळं पडलंय."

मी वर बघितलं. आभाळात खूप उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग होते, इतके विरळ की ढग म्हणावेत की नाही. त्यांच्यातून सूर्याभोवती एक मोठं फिकट कडं दिसत होतं. मी ते सकाळपासून बघितलंच नव्हतं. तिने बघितलं होतं.

आमच्या यांनी खिशातून कागद काढला. बंदराच्या कचेरीत मिळतो तो, वर्षभराच्या भरती-ओहोटीचा छापील तक्ता. घडी घालून घालून मऊ पडलेला.

"हे बघा मुकादम. नऊ वर्षं मी या कागदावर बोटी भरल्यात. एक दिवस, एक दिवससुद्धा चुकलेला नाही. आज भरती एक वाजून पस्तीस मिनिटांनी. तोवर पाणी घ्यायचं. एक पस्तीसला पाणी थांबतं, आतलं बाहेरचं सारखं होतं, फळ्या अलगद बसतात. झालं. यात अवघड काय आहे?"

मुकादमांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत होतं की नाही, मला शंका आहे, पण त्यांनी तो बराच वेळ बघितला. "छापलेलं आहे," ते म्हणाले.

"छापलेलं आहे," तारमावशी म्हणाली.

"ते बंदराचं आहे," थोरली म्हणाली. "इथे पावणेतीन."

"पाणी तेच, चंद्र तोच," हे म्हणाले. "बंदराला एक चंद्र आणि आपल्याला दुसरा?"

परत लोक हसले. सासूबाई मागे दगडावर बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "धाकट्या, तुझा बाप काय सांगायचा? चंद्र आणि सूर्य म्हणजे दोन बैल. पौर्णिमेला नि अमावास्येला दोघं एका रेषेत ओढतात, पाणी मोठं. अष्टमीला आडवे-उभे ओढतात, पाणी लहान. पण पाणी आहे जड. ओढलं तरी लगेच उठत नाही, दोन दिवस लोळतं. म्हणून सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमेला नाही, तिसऱ्या दिवशी. आणि तिसरा दिवस आज आहे."

"म्हणून तर आज घ्यायचंय, आई!"

"घे. मी कुठे नको म्हणते? थोरली काय म्हणते ते ऐकून घे एवढंच म्हणते."

थोरली म्हणाली, "घ्यायचंच असेल तर पाणी चौथ्या खुणेला आलं की फळ्या टाका. घड्याळ बघू नका."

"चौथ्या खुणेला अर्धी कोंडी पण भरत नाही, वहिनी."

"अर्धी चालेल."

"पंधरा दिवस अर्धी कोंडी पुरेल?" यांनी मुकादमांना विचारलं.

मुकादमांनी मान हलवली. खरंच पुरली नसती. आमचे हे काही मूर्ख नव्हते, हे मी आज इतक्या वर्षांनी, ते नसताना, सांगते. त्यांच्याकडे नऊ वर्षांचा अनुभव होता. फक्त तो दुसऱ्या जागेचा होता. आणि भावाची जागा घ्यायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी बाईच्या सांगण्यावरून अर्धी कोंडी ठेवायची, हे जमलं नाही. मुकादम हळूच म्हणाले, "तेरा दिवस झालेत तिला. दुःखात माणसाला सगळीकडे पाणीच दिसतं." त्यांना वाटलं थोरलीला ऐकू गेलं नाही. ती तीन हातांवर उभी होती.

सव्वादहाला फळ्या वर ओढल्या.

पाणी आलं तसं सगळ्यांचे चेहरे खुलले. तेरा दिवसांत पहिल्यांदा मिठागरात काहीतरी हललं. कोंडीच्या तडकलेल्या चिखलावरून पाणी पुढे सरकत होतं, पुढे फेसाची रेघ, तिच्यापुढे बगळे पळत होते. लोक वाफ्यांवर कामाला गेले. कोणीतरी गाणं म्हणायला लागलं आणि मधेच थांबलं.

बारा वाजून गेले. पाणी चौथ्या खुणेला आलं. थोरली बांधावरच बसून होती. ती उठली, आकडा उचलला, आणि पहिली फळी खाली ओढायला लागली.

हे धावत आले. "वहिनी! काय करताय?"

"चौथी खूण आली."

"अजून दीड तास आहे."

"अडीच तास आहे. म्हणूनच."

यांनी आकडा तिच्या हातातून घेतला. हिसकावला नाही. तिने धरून ठेवलाच नाही. तिच्या हातांत जोरच नव्हता तेव्हा. काहीही काढून घेतलं असतं तरी तिने दिलं असतं. ती परत जाऊन बसली. मी तिच्याशेजारी बसले.

"ताई," मी म्हटलं, "तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"हो."

"मग जोर लावून सांगा ना. ते ऐकतील."

"काय सांगू? बंदर समुद्राच्या तोंडाशी आहे. खाडी तिथून आत किती वळणं घेते बघितलंस? पाणी चालत येतं. त्याला सव्वा तास लागतो. हे मी वीस वर्षं रोज बघितलंय." ती परत पाण्याकडे बघायला लागली. "ते असते तर सांगावं लागलं नसतं."

एवढंच बोलली. आवाजात काही नव्हतं. दुकानात कोणी 'माल संपला' म्हणतो तसं.

एक वाजला. पाणी तिसऱ्या खुणेला आलं. मुकादम येऊन बघून गेले, परत आले, या वेळी गेले नाहीत. एक वीसला पाणी तिसरी खूण बुडवून वर चढत होतं. कोंडी भरत आली होती. कोंडीच्या आतल्या बाजूचा बांध गुडघाभर उंच, त्याच्या पलीकडे सपाट ओटा, आणि ओट्यावर अकरा घरांच्या अकरा राशी. अख्ख्या उन्हाळ्याचं मीठ. गोण्यांत भरायचं राहिलं होतं, कारण तेरा दिवस कोणी कशालाच हात लावला नव्हता.

"एक पस्तीस," हे म्हणाले. घड्याळ बघितलं, पाणी बघितलं. पाणी थांबलं नव्हतं. दारातून धो धो आत येत होतं. "दोन मिनिटं इकडे तिकडे."

एक चाळीस झाले. मला त्यांचा चेहरा आठवतो. आपण चुकलो हे कळलेला माणूस जसा सावकाश हलतो तसे ते हलले.

"फळ्या टाका!"

पहिली फळी चौघांनी मिळून दाबली, बसली. दुसरी बसता बसता दोनदा वर आली, मुकादम स्वतः तिच्यावर उभे राहिले तेव्हा बसली. त्यांच्या पोटाचा मिठागराला उपयोग झाला तो तेवढाच. तिसरी खाचेत तिरपी अडकली. यांनी वरून घण मारला, एकदा, दोनदा, आणि फळी मधोमध उभी फुटली. अर्धा तुकडा पाण्याबरोबर आत गेला.

आता खालच्या दोन फळ्या जागेवर, आणि त्यांच्यावर तेवढीच मोठी मोकळी जागा. चौथी फळी एकटी टिकेना. पाण्याने ती काडीसारखी फेकून दिली.

"माती आणा! माती!" मुकादम ओरडले.

बायका-पुरुष सगळे टोपल्या घेऊन धावले. बांधाची ओली माती खणून टाकली. टोपली रिकामी होईपर्यंत माती विरघळून आत गेलेली. दहा टोपल्या गेल्या, वीस गेल्या. पाणी आतल्या बांधाला लागलं.

"उतरेल आता," कोणीतरी म्हणालं. "थांबलंच असेल."

"किती वाजले?" थोरलीने विचारलं.

"पावणेदोन," हे म्हणाले. तिच्याकडे न बघता.

"अजून तासभर चढेल."

तारमावशी मटकन खाली बसली. "अगं बाई, तासाभरात ओट्यावर येईल की गं! सगळ्या राशी..."

थोरली उठली. पदर खोचला. ओट्याचं एक टोक बांधाला मिळतं तिथे, दाराला अगदी लागून, पहिली रास होती. राखणदाराची रास नेहमी दाराजवळ असते. तिच्याजवळ रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा पडला होता. थोरलीने गोणी उचलली आणि माझ्याकडे फेकली.

"तोंड धर."

मी धरलं. ती फावड्याने मीठ भरायला लागली.

मला आधी कळलंच नाही. आमच्या यांना कळलं. ते पाण्यातूनच ओरडले, "वहिनी, ती नको! ती दादाची... मुकादमांची रास घ्या, मी त्यांना नंतर भरून देईन. ती नको!"

"ती लांब आहे, भाऊजी," थोरली म्हणाली. फावडं थांबलं नाही. "ही जवळ आहे."

ती रास थोरल्याने जायच्या दिवशी पुरी केली होती. तिच्यावर अजून त्याने मारलेल्या फावड्याच्या पाठीचे ठसे होते, माशाच्या खवल्यांसारखे, एकाखाली एक. तेरा दिवस त्या राशीजवळून कोणी चाललं नव्हतं. आता फावडं त्यात शिरलं आणि वरचा पापुद्रा खर्रकन फुटला.

सासूबाई दगडावरून उठल्या. मला वाटलं, आता रडतील, आडव्या येतील. त्या राशीपाशी आल्या. "थोरले, ही त्याची आहे."

"माहीत आहे, आई."

सासूबाईंनी क्षणभर बघितलं. मग दुसरं फावडं उचललं. "धाकटे, दोन-दोन गोण्या धर. एक-एक काय धरतेस, लग्नाला आलीस का?"

भरलेली गोणी दोघांनी उचलायची, दारापर्यंत न्यायची, यांच्याकडे आणि मुकादमांकडे द्यायची. ते कमरेएवढ्या पाण्यात फळीवर उभे राहून ती गोणी भोकात कोंबायचे. पाणी तिला ढकलायचं, दुसरी तिच्या पाठीला लागायची. पहिल्या पाच गेल्या. सहावी अडकली, मग सातवी, आठवी. पाण्याचा आवाज बदलला. पण मीठ ते. ओलं झालं की गोणी आतून बारीक होत जायची, सैल पडायची. खालची बसली की वर नवी. थांबलं की गेलं.

किती भरल्या ते मोजलं नाही. माझ्या हातांना चिरा पडल्या, त्यांत मीठ गेलं. चरचरलं असणार. मला काही जाणवल्याचं आठवत नाही. समोर फक्त गोणीचं तोंड आणि त्यात पडणारं पांढरं. थोरलीचं फावडं एका लयीत चाललं होतं, ना घाई ना उसंत. एकदा मी वर बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर भांडी घासताना असायचं तेच होतं.

"पुरे का? पुरे का?" तारमावशी दर गोणीला विचारायची. ती सत्तरीची बाई, पण गोणीचं एक टोक तिनेच उचललं होतं.

"पुरे झालं की सांगते," थोरली म्हणायची.

पाणी दुसऱ्या खुणेला आलं. बाहेर बांधाच्या माथ्यापर्यंत हातभर अंतर राहिलं. आत ओट्याच्या कडेवर ओल चढली. सगळ्यात खाली असलेल्या मुकादमांच्या राशीचा पायथा पाण्यात भिजून करडा झाला. मुकादमांनी ते बघितलं, पण जागा सोडली नाही.

मग थोरली थांबली. फावडं तसंच हातात. ती बाहेरच्या पाण्याकडे बघत होती. दारासमोर पाण्यावर काडीकचरा तरंगत होता, इतका वेळ सगळा आमच्या दिशेने येणारा. आता तो जागच्या जागी फिरत होता. एक सुकी फांदी, थोडा फेस. फांदी हळूच वळली. आणि एवढंसं, वीतभर, पलीकडे सरकली.

"झालं," थोरली म्हणाली.

यांनी घड्याळ बघितलं. ते बंद पडलं होतं, पाण्यात. मुकादमांनी आपलं काढलं. त्यांनी वेळ मोठ्याने सांगितली नाही. यांना दाखवली. यांनी मान खाली घातली.

"किती वाजले ते सांगा की," सासूबाई म्हणाल्या.

"पावणेतीन," मुकादम म्हणाले. "वर तीन मिनिटं."

राशीच्या जागी आता पांढरं वर्तुळ उरलं होतं, मधे टोपलीभर मीठ. बाकी दहा राशी वाचल्या होत्या. त्यांतली मुकादमांची तेवढी पायथ्याला थोडी विरघळलेली. लोक जिथे होते तिथे बसले. शेवटी मुकादमच बोलले, कारण गप्प बसणं त्यांना कधीच जमलं नाही.

"थोरले, सांगायचं होतंस गं."

"सांगितलं होतं."

"जोरात सांगायचं."

सासूबाई फिरल्या. "तेरा दिवसांमागे नवरा गेलाय तिचा. तिला तू जोरात सांगायला सांगतोस? तुझे कान काय गोणीत भरले होते? उंटावर बसून शेळ्या हाकतो मेला!"

मुकादम खाली वाकून रिकाम्या गोण्या गोळा करायला लागले. तारमावशीही, आयुष्यात पहिल्यांदाच मुकाट्याने.

आमचे हे पाण्यातून वर आले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून भरतीचा तक्ता बाहेर आला होता, लगदा झालेला. त्यांनी तो फेकला नाही. तसाच मुठीत धरून थोरलीसमोर उभे राहिले. माफी मागतील असं मला वाटलं. ते माफी मागणाऱ्यातले नव्हते. आणि तिला माफी द्यायलाही काही सुचलं असतं असं वाटत नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "उद्या कधी?"

थोरलीने फावड्याचं मीठ झटकलं. सूर्याकडे, मग खांबाकडे बघितलं.

"साडेतीनला फिरेल. पाऊण तास रोज पुढे. आजच्यापेक्षा थोडं कमी असेल, पण असेल. तिसरी फळी नवी लागेल, दुपारच्या आत. आणि उपाशीपोटी येऊ नका. जेवून या सगळे."

ती फावडं खांद्यावर घेऊन घराकडे निघाली. आम्ही तिच्या मागून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमांनी स्वतःच्या घराच्या मागच्या दाराची फळी काढून आणली. ती खाचेत नीट बसावी म्हणून आमच्या यांनी ती दोनदा तासली, आणि प्रत्येक वेळी थोरलीला दाखवली. ती "अजून" म्हणाली की अजून तासली.

दोनपर्यंत सगळे बांधावर आले. जेवून आले.